गावच्या बुद्धविहाराची नोंदणी: कागद कोणते, अडतं कुठे

बुद्धवंदनेला कुणाची परवानगी लागत नाही. राज्यघटनेचं कलम 25 तेवढं देतंच. नोंदणीचा प्रश्न येतो तो विहाराला जागा मिळाली, वर्गणी सुरू झाली की.

जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, जायचं सहायक धर्मादाय आयुक्त कार्यालयात. आधी 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवा. सभासद किमान सात. सातही एकाच भाऊबंदकीतले घेऊ नका, पुढचे निम्मे वाद तिथूनच निघतात. पहिल्या सभेचा ठराव, उद्देशपत्रिका, नियमावली, सगळ्यांची संमतीपत्रं, कामकाज पाहणाऱ्याच्या नावे अधिकारपत्र, शपथपत्र, कार्यालयाच्या जागामालकाची नाहरकत आणि लाइट बिल एवढे कागद लागतात. आधारवर 'भिमराव' आणि ठरावात 'भीमराव' असलं तरी त्रुटी निघते. म्हणून नावं आधार समोर ठेवूनच टाइप करून घ्या.

त्यानंतर 1950 च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली परिशिष्ट दोनचा अर्ज, तीन महिन्यांच्या आत. चौकशी होऊन 'एफ' नंबर, म्हणजे ट्रस्टचा नोंदणी क्रमांक, मिळतो.

खरी गोची जागेची. आजोबांनी तोंडी दिलेला गुंठा सातबाऱ्यावर नातवांच्याच नावावर राहतो, आणि विहार उभा राहिल्यावर भाऊहिस्सा निघतो. बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, मग तलाठ्याकडे फेरफार लावा. गावठाणातली जागा असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव आणि नमुना आठचा उतारा घ्या. गायरानावर बांधलं असेल, तर ट्रस्टचा नंबर मिळाला म्हणून जागा आपली होत नाही. हे गावात कुणाला ऐकायचं नसतं.

नंबर मिळाल्यावर संस्थेच्या नावाने पॅन काढा, मग बँक खातं. अध्यक्षाच्या खात्यावर वर्गणी नको, एक दिवसही नको. हिशेब 31 मार्चला बंद करून सहा महिन्यांत ऑडिट. विहाराचे गाळे तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायचे, तर याच 1950 च्या कायद्याच्या कलम 36 खाली आधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी.

विश्वस्त वारला किंवा बदलला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद करायचा अर्ज, द्या. तो राहिला, तर कागदावर जुनीच कमिटी चालत राहते, आणि बँकेत सहीला वारलेला माणूस लागतो.