अमेरिकेत डीपीटीला ॲडमिशन: अमळनेरहून फाईल कशी उभी केली

दिवाळीत घरी फोन केला तर आईने फोन सरळ शेजारच्या काकांच्या हातात दिला. त्यांची पोरगी बीपीटीएच म्हणजे फिजिओथेरपीच्या डिग्रीच्या थर्ड इयरला आहे. काकांनी हालहवाल विचारलाच नाही, डायरेक्ट म्हटले, "बेटा, तिकडे त्या डीपीटीले कितला मार्क लागतस?" मी पाच मिनिटं समजावून सांगायचा प्रयत्न केला पण फोनवर ते जमत नाही, म्हणून हे लिहितेय, काकांच्या पोरीसाठी आणि तिच्यासारख्या जळगाव धुळे नंदुरबारच्या सगळ्या पोरापोरींसाठी.

तर पहिली गोष्ट, डीपीटीच्या ॲडमिशनला कट ऑफ नाही. आपण बारावी, मग नीट, मग सीईटी सेलचे राऊंड, असं एका आकड्यावर जगलेलो असतो. एक पेपर चांगला गेला की वर्ष सुटलं आणि वाईट गेला की वर्ष गेलं. डीपीटी म्हणजे डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी, तीन वर्षांचा कोर्स, आणि त्याच्या ॲडमिशनला एक पेपर नाही तर एक फाईल लागते, ती फाईल दोन-तीन वर्षं आधीपासून तयार होत असते. मला हे फार उशिरा कळलं आणि माझं एक पूर्ण वर्ष त्यात गेलं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. डीपीटी नावाचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि हे नीट न कळल्याने आपल्याकडची बरीच पोरं चुकीच्या ठिकाणी फी भरून बसतात, मीही भरली होती. एक असतो एन्ट्री लेव्हल डीपीटी. तो तिकडचे विद्यार्थी चार वर्षांची कुठलीही बॅचलर डिग्री करून मग करतात, त्याला कॅप्टी नावाच्या संस्थेची मान्यता लागते, आणि तो पास झाला की एनपीटीई ही लायसन्सची परीक्षा द्यायला डायरेक्ट पात्र. दुसरा पोस्ट प्रोफेशनल किंवा ट्रान्झिशनल डीपीटी. तो आधीच फिजिओ असलेल्यांसाठी आहे, एक-दोन वर्षांचा, बऱ्याच ठिकाणी ऑनलाईन, आणि कॅप्टी फक्त एन्ट्री लेव्हललाच मान्यता देते त्यामुळे याला ती नसते. हा कोर्स वाईट नाही, पण नुसता हा केला म्हणून लायसन्सचा रस्ता उघडत नाही. तुम्हाला एफसीसीपीटीसारख्या एजन्सीकडून आपली बीपीटीएच तपासून घ्यावी लागते, ते तुमच्या पासआऊट वर्षाप्रमाणे ठरलेल्या कोर्सवर्क टूलला, म्हणजे विषय आणि क्रेडिटच्या यादीला, लावून बघतात आणि कुठे क्रेडिट कमी पडले ते सांगतात. तिकडे २०१६ पासून सगळे एन्ट्री लेव्हल प्रोग्राम डीपीटीचेच आहेत, त्यामुळे आपली साडेचार वर्षांची डिग्री त्या मापात बसवताना कमी पडते ते बहुतेक जनरल एज्युकेशनमध्ये. कमी पडलेले क्रेडिट भरून काढता येतात, लोक भरतातही, आणि पैशाच्या हिशोबाने तो रस्ता स्वस्त पडू शकतो. मी एन्ट्री लेव्हल निवडला कारण मला तिकडच्या हॉस्पिटलमधली पूर्ण क्लिनिकल ट्रेनिंग हवी होती, कॅप्टीच्या नियमाने किमान ३० आठवडे फुल टाईम असते. पण तुम्ही एन्ट्री लेव्हलला भरण्याआधी प्रत्येक प्रोग्रामला मेल टाकून विचारा की माझ्याकडे भारतातली फिजिओची डिग्री आहे, तुम्ही अशांना घेता का. स्पष्ट हो आल्याशिवाय एक डॉलर भरू नका. मी ज्या कन्सल्टन्सीकडे गेले होते त्यांनी हा प्रश्न कधी विचारलाच नाही आणि पहिल्या वर्षी माझ्या पाचपैकी तीन फी अशा ठिकाणी गेल्या की जिथे माझी फाईल उघडायचीच नव्हती. ते पैसे पप्पांच्या कापसाचे होते.

आता प्रीरिक्विझिट, म्हणजे ॲडमिशनच्या आधी झालेले असायला हवेत ते विषय. इथेच खरा अडथळा आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. बहुतेक प्रोग्रामला कॉलेज लेव्हलचे हे विषय लागतात: ॲनाटॉमी फिजिओलॉजी दोन सेमिस्टर लॅबसकट, जनरल केमिस्ट्री दोन सेमिस्टर लॅबसकट, फिजिक्स दोन सेमिस्टर लॅबसकट, बायोलॉजी, सायकॉलॉजी आणि स्टॅटिस्टिक्स. प्रत्येकात किमान सी ग्रेड पाहिजे, आणि काही ठिकाणी हे विषय किती वर्षांपूर्वी केले त्यालाही मर्यादा असते. मी लिस्ट बघून म्हटलं अरे हे तर सगळं झालेलं आहे, बारावी सायन्स केलं ना. तर नाही. आपली बारावीची फिजिक्स केमिस्ट्री तिकडे हायस्कूल मध्ये धरली जाते. बीपीटीएचला ॲनाटॉमी फिजिओलॉजी भरपूर आहे, ते आरामात बसतं, सायकॉलॉजी बसतं, पण बायोकेमिस्ट्री म्हणजे जनरल केमिस्ट्री नाही, आणि इलेक्ट्रोथेरपीत आपण करंट आणि वेव्हलेंग्थ कितीही घोकली तरी मार्कशीटवर फिजिक्स असं नाव नाही म्हणजे नाही. स्टॅटिस्टिक्सचं पण तसंच, ते रिसर्चच्या विषयात लपलेलं असतं.

मग मी काय केलं तर तिकडच्या मान्यताप्राप्त कॉलेजचे ऑनलाईन कोर्स घेतले, क्रेडिटवाले. फुकट सर्टिफिकेटवाले चालत नाहीत, ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कॉलेजचा अधिकृत मार्कांचा कागद, देणारेच पाहिजे. सकाळी अमळनेरच्या क्लिनिकमध्ये पेशंट आणि रात्री फिजिक्सच्या असाइनमेंट, लाईट गेली की मोबाईलच्या डाट्यावर. लॅबचा प्रश्न वेगळा आहे, काही प्रोग्राम ऑनलाईन लॅब धरतात, काही नाही धरत, हे पण आधी लेखी विचारून घ्यायचं आणि तो मेल जपून ठेवायचा. जर तुम्ही आत्ता फर्स्ट किंवा सेकंड इयरला असाल तर तुम्हाला माझ्यापेक्षा दोन वर्षं जास्त आहेत, एका वर्षी एक विषय घेतला तरी पासआऊट होईपर्यंत बरंच झालेलं असेल.

जीपीए, म्हणजे चारपैकी सरासरी ग्रेड, किमान ३ बहुतेक ठिकाणी मागता, चांगल्या ठिकाणी त्याहून जास्तवाले येता. आपले टक्के कॅल्क्युलेटरवर टाकून स्वतःच चारपैकी किती ते काढत बसू नका, ते चुकतं. इव्हॅल्युएशन एजन्सी प्रत्येक विषयाचे मार्क तिकडच्या ग्रेडिंगप्रमाणे बदलून देते. कोर्स बाय कोर्स रिपोर्ट मागवायचा, नुसता डिग्रीचा नाही. माझी एक मैत्रीण टक्के बघून घाबरून भरतच नव्हती, रिपोर्ट आला तर आरामात बसत होती.

त्या रिपोर्टसाठी ट्रान्सक्रिप्ट युनिव्हर्सिटीकडून थेट जावं लागतं. आपल्याकडे लक्षात ठेवायचं की फिजिओचं कॉलेज जळगावला असो की धुळ्याला, आपली युनिव्हर्सिटी म्हणजे नाशिकचं आरोग्य विद्यापीठ, बहिणाबाई चौधरी विद्यापीठ नाही. मला घरचे म्हणत होते उमवित (बहिणाबाई विद्यापीठाचं जुनं नाव) जाऊन ये, जवळ आहे. नाशिकला म्हसरूळला दिंडोरी रोडवर जावं लागतं. अमळनेरहून सुरत लाईनची गाडी पकडून जळगाव, तिथून नाशिकरोड, मग रिक्षा, आणि गेल्यावर कळलं की एक सही कॉलेजची राहिली आहे. परत. म्हणून पासआऊट होतानाच, सगळे एका जागी आहेत तेव्हाच, हे काढून ठेवा: सगळ्या वर्षांच्या मार्कशीट, इंटर्नशिप कम्प्लिशन, आणि पूर्ण सिलॅबस, ज्यात प्रत्येक विषयाचे थिअरी आणि प्रॅक्टिकलचे तास लिहिलेले आहेत, प्रत्येक पानावर कॉलेजचा शिक्का. पुढे एफसीसीपीटीचा विचार केला तरी हाच कागद लागतो. आणि नाव. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर वेगळं. माझ्या एका मार्कशीटवर वडिलांच्या नावात एक अक्षर जास्त होतं, त्या एका अक्षरासाठी ॲफिडेव्हिट करावं लागलं आणि तीन आठवडे गेले.

ऑब्झर्वेशन अवर्सबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय. तुम्ही लायसन्स असलेल्या फिजिओसोबत किती तास, कोणत्या सेटिंगमध्ये काढले हे बहुतेक प्रोग्राम विचारतात. कुणी ४० मागतं, कुणी १०० च्या वर, आणि बऱ्याच ठिकाणी नुसते ओपीडीचे चालत नाहीत, इनपेशंटचे पण लागता. ॲप्लिकेशन ज्या पोर्टलवर भरतो त्याला पीटीकॅस म्हणतात, त्यात तारखा, तास, सेटिंग, आणि त्या फिजिओचं नाव आणि मेल टाकावा लागतो, काही ठिकाणी सही पण. मला वाटलं माझी सहा महिन्यांची इंटर्नशिप आहे, तास काय कमी आहेत का. तास होते, लिहिलेले नव्हते. दोन वर्षांनी सही घ्यायला गेले तर ज्या सरांच्या हाताखाली न्यूरो आणि आयसीयू केलं ते सुरतला निघून गेलेले. त्यांचा नंबर शोधला, ते चांगले होते म्हणून झालं. तुम्ही इंटर्नशिपच्या पहिल्या दिवसापासून एक शंभर पानी वही ठेवा, तारीख, वॉर्ड, किती ते किती, काय पाहिलं दोन ओळी, आणि दर शनिवारी सही. काही प्रोग्राम अमेरिकेतल्या फिजिओसोबतचेच तास धरतात, तिथे आपण भरायचं नाही इतकंच.

ती वही फक्त तासांसाठी नाही. स्टेटमेंट लिहायला बसले तेव्हा पहिल्यांदा मी जे लिहिलं ते कुणीही लिहिलं असतं, लहानपणापासून सेवेची आवड वगैरे. पहिल्या वर्षी कुठूनच इंटरव्ह्यू आला नाही. दुसऱ्या वर्षी मी वही उघडली. त्यात सावद्याकडचा एक केळी कापणीवाला मजूर होता, खांद्यावरून घड वाहून वाहून मान धरलेली. मी त्याला पंधरा दिवस वजन उचलायचं नाही असं सांगितलं होतं, आणि तो म्हणाला होता, ताई, ट्रक उभा राहतो ना. तो परत आलाच नाही. मग मी पुढच्या मजुरांना आराम सांगणं बंद केलं आणि घड कोणत्या खांद्यावर घ्यायचा, किती फेऱ्यांनी बाजू बदलायची, खाली ठेवताना कंबर कशी ठेवायची हे सांगायला लागले. माझ्या आजीचं पण लिहिलं, ती रोज "मन्हा गुडघा दुखी ऱ्हायना" म्हणायची आणि व्यायाम दिला तर करायची नाही, पण तोच व्यायाम ओट्यावर बसून शेंगा सोलताना करायला सांगितला तर करायची. साडेचार हजार कॅरेक्टरची मर्यादा असते, त्यात हे दोनच पेशंट बसले. त्या वर्षी दोन इंटरव्ह्यू झाले, दोन्हीकडे त्या केळीवाल्याबद्दलच विचारलं.

शिफारस पत्रं. आपल्याकडे पोरगं टाईप करून नेतं आणि सर सही करता. तिकडे असं नाही, सरांना पोर्टलवरून मेल जातो आणि ते स्वतः भरता, तुम्हाला दिसत नाही. चारपर्यंत लावता येतात, एक तरी फिजिओचं पाहिजेच बहुतेक ठिकाणी. माझ्या एका सरांचा मेल स्पॅममध्ये महिनाभर पडून होता. विनंती पाठवली की स्वतः जाऊन भेटा, त्यांच्या समोर बसा, त्यांना तुमची वही दाखवा, म्हणजे त्यांनाही लिहायला काही मिळतं.

जीआरई ही प्रवेश परीक्षा आता बऱ्याच प्रोग्रामनी काढून टाकली आहे, लागत असेल तर द्या, दोन तासांची आहे. टोफेल ही इंग्रजीची परीक्षा बहुतेक ठिकाणी लागते, दोन वर्षं चालते, त्यामुळे फार आधी देऊन ठेवू नका. बोलण्याच्या भागाची मला भीती होती, मी रोज घरच्या गच्चीवर मोबाईलवर स्वतःला रेकॉर्ड करायचे, उच्चार आपलाच राहिला पण अडखळणं गेलं.

पैशाचं खरं खरं सांगते. विनातारण लोन साडेसात लाखापर्यंतचं सोपं आहे, पण डीपीटीच्या तीन वर्षांना ते कुठेच पुरत नाही. आमच्याकडे सात एकर शेती आहे तर पप्पांना वाटलं ती तारण ठेवू. आम्ही तीन बँकांत गेलो, तिन्हींनी शेतजमीन एज्युकेशन लोनला तारण म्हणून घेतली नाही. शेवटी मामांचा एनए प्लॉट लावला. हे ॲडमिशन आल्यावर कळलं तर फार धावपळ होते, कारण आय-२०, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद, मिळायला पैसे दाखवावे लागतात आणि त्याशिवाय व्हिसाची तारीखच घेता येत नाही. लोनची चौकशी आणि ॲप्लिकेशन सोबतच सुरू करा, घरात कोणाचा एनए प्लॉट किंवा घर आहे, कोण सही करायला तयार आहे, हे आधी मोकळेपणाने बोलून घ्या. आमच्या घरात हे बोलणं रडारड होऊन झालं, पण झालं.

पीटीकॅस दरवर्षी जूनच्या मध्याला उघडतं आणि बरेच प्रोग्राम आलेल्या फाईली येतील तशा बघत जातात, शेवटच्या तारखेची वाट बघत नाहीत. पहिल्या वर्षी मी नोव्हेंबरात भरलं, दुसऱ्या वर्षी जुलैत. म्हणजे काकांच्या पोरीने फायनल इयरला असताना विषय संपवत आणायचे, इंटर्नशिपमध्ये वही भरायची, इंटर्नशिप संपली की नाशिकचे कागद, मेपर्यंत रिपोर्ट हातात. मधे ओटीपीटी कौन्सिलचं, म्हणजे महाराष्ट्रात फिजिओंची नोंदणी होते तिथलं, रजिस्ट्रेशन पण करून टाकायचं, ॲडमिशन नाही झालं तर निदान इथे प्रॅक्टिस करता येते आणि ते वर्षही वहीत येतं.

काकांना मी परत फोन करणार आहे या रविवारी. तिचा सेकंड इयरचा सिलॅबस शिक्क्यासकट काढून ठेवायला सांगायचंय.