डायलिसिसवाल्यांसाठी पाण्याची बाटली

डायलिसिसवर असलेल्या माणसाला दिवसाला किती पाणी चालेल, ते डॉक्टर सांगतात. घरात हिशोब चुकतो तो पेज, चहा नि सोलकढीमुळे. कोकणात पेजेला पाणी धरतं कोण?

१. सकाळी ठरलेलं सगळं पाणी मापून एका बाटलीत भरा.
२. पाणी प्यायचं ते याच बाटलीतलं.
३. चहा, पेज, कढी, आमटीचं पाणी, काहीही पातळ पोटात गेलं की तेवढंच पाणी बाटलीतून तुळशीला ओता. गोळ्यांबरोबरचा घोटही यातूनच.
४. बाटलीत उरलं तेवढंच रात्रीपर्यंत.

कप-वाटी एकदाच मापून ठेवा. आपल्याकडच्या वाट्या दिसतात त्यापेक्षा खोल असतात, नि पेजेची वाटी तर वाडगाच असतो! मे महिन्यात घसा सुकला की बर्फाचा छोटा खडा चघळायला द्या, पण तोही मोजायचा. सोलकढीत आगळ (कोकमाचा घट्ट रस) घालत असाल तर त्यात मीठ असतं, वरून घालू नका. खारट खाल्लं की तहान आणखी लागते.

शहाळं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि ते रक्तात वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. भेटायला येणारे हमखास तेच घेऊन येतात.