जुनी व्हॅन घेताय? आधी एअरबॅगचा दिवा बघा

चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. एअरबॅगचा लाल दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. दिवा लागलाच नाही, तर जास्त सावध व्हा: बिघाड झाकायला बल्ब काढलेला असू शकतो. कधी त्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडतात. मग इंजिन सुरू केल्यावर दोन्ही दिवे अगदी एकाच क्षणी विझतात. 1 जुलै 2019 पासून भारतात बनणाऱ्या प्रवासी गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे, त्यामुळे ‘या मॉडेलला नसतेच’ हे लगेच मानू नका.

दिवा विझतच नसेल आणि हॉर्नही वाजत नसेल, तर स्टीअरिंगमागच्या क्लॉक स्प्रिंगवर (स्टीअरिंग फिरलं तरी हॉर्न-एअरबॅगची जोडणी टिकवणारी गुंडाळलेली वायर) संशय घ्या. सीटखालचा पिवळा कनेक्टर सैल झाल्यानेही दिवा पेटतो. पिवळ्या वायरींना मल्टीमीटर मात्र लावू नका, बॅग फुटू शकते. स्वस्त स्कॅनर (गाडीला जोडून बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र) बहुधा इंजिनचेच कोड दाखवतो. एअरबॅगचे कोड वाचणारा मागा.

आता बेल्ट. शेवटपर्यंत ओढून पट्टा उसवलाय का बघा, मग झटका द्या: जागीच अडकला पाहिजे. बाहेरच येत नसेल, तर व्हॅन ठोकलेली असण्याची शक्यता धरा.