प्रा. यशपाल यांचे स्मरण कसे करावे

प्रा. यशपाल यांच्यासाठी स्मरणाचा कार्यक्रम करायचा असेल, तर २४ जुलैच्या पुण्यतिथीऐवजी २६ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस निवडावा. आपल्याकडे भर पावसाळ्यात सूर्य दिसेलच याची खात्री नसते, आणि या कार्यक्रमाला सूर्य हवाच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांवर काम केलेले हे शास्त्रज्ञ दूरदर्शनच्या ‘टर्निंग पॉइंट’ या विज्ञानविषयक कार्यक्रमात प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देत, आणि २४ ऑक्टोबर १९९५ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे थेट प्रक्षेपणही त्यांच्या विवेचनामुळे अनेकांच्या लक्षात राहिले.

म्हणून हारतुरे आणि भाषणे आटोपती घ्यावीत. आठवडाभर आधी मुलांकडून प्रश्न लिहून घ्यावेत. पाठ्यपुस्तकातले मात्र नकोत. मग जुन्या पोस्टकार्डाला टाचणीने बारीक भोक पाडून त्यातून येणारे ऊन एक मीटर अंतरावरच्या पांढऱ्या कागदावर घ्यावे. भोक वेडेवाकडे असले तरी कागदावर सुमारे ९ मिलिमीटरचा गोल कवडसा उमटतो, आणि ती सूर्याची प्रतिमा असते. भोकातून सूर्याकडे कोणीही पाहू नये, हे आधीच बजावावे. कवडसा गोलच का, हे सांगण्याची घाई न करता मुलांना बारीक चौकोनी भोक पाडून पाहू द्यावे.