बायोमेडिकलमध्ये एमटेक किंवा एमएस करायचंय? या चुका टाळा

‘बायोमेडिकलला सगळ्यात चांगली संस्था कोणती?’ बहुतेक जण सुरुवात या प्रश्नाने करतात आणि तिथेच पहिली चूक होते. बायोमेडिकल ही एकच विद्या नाही. एमआरआयच्या प्रतिमांवर काम करणाऱ्याचा दिवस गणितात आणि कोडिंगमध्ये जातो. गुडघ्याचं इम्प्लांट घडवणाऱ्याला धातू, झीज आणि ताण यांच्याशी झुंजावं लागतं, तर बायोमटेरियलवाला, म्हणजे शरीरात वापरायच्या पदार्थांवर काम करणारा, पेशी वाढवत बसतो. पदवीवर नाव मात्र एकच. म्हणून आधी काम निवडा, मग त्या कामाची प्रयोगशाळा शोधा आणि संस्थेचा विचार त्यानंतर करा.

प्रयोगशाळा पाहताना डॉक्टरांशी तिचं नातं किती जवळचं आहे हे जरूर विचारा. माझ्या मते रँकिंगपेक्षा हे महत्त्वाचं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत हृदयाची कृत्रिम झडप तयार झाली, तेव्हा पहिली तीन मॉडेलं टिकली नाहीत. चौथं टिकलं आणि डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवलं गेलं. अभियंते आणि शल्यविशारद एकाच संस्थेत होते, म्हणून प्रत्येक अपयशाचं कारण शोधून पुन्हा उभं राहता आलं. अशी संगत मिळणं हे मोठं भाग्य आहे. आयआयटी मुंबईतलं वैद्यकीय उपकरणं घडवणारं बेटिक केंद्रही डॉक्टरांनी सांगितलेल्या गरजेपासूनच उपकरणाचा विचार सुरू करतं.

दुसरी चूक गेटच्या, म्हणजे एमटेकच्या प्रवेश परीक्षेच्या, पेपरची. बायोमेडिकलचा स्वतंत्र ‘बीएम’ पेपर २०२० पासून आहे, म्हणून अनेक जण डोळे मिटून तोच भरतात. तुम्ही इलेक्ट्रॉनिक्सचे किंवा इन्स्ट्रुमेंटेशनचे असाल तर थांबा. बायोमेडिकलचे अनेक एमटेक अभ्यासक्रम ईसी (इलेक्ट्रॉनिक्स), ईई (इलेक्ट्रिकल), आयएन (इन्स्ट्रुमेंटेशन) या पेपरांचा स्कोअरही घेतात. नुसत्या बीएमच्या भरवशावर राहिलात तर बाकीच्या शाखांची दारं बरीचशी बंद होतात. ठरावीक जोड्यांमध्ये दोन पेपर देता येतात, ती यादी अर्ज भरण्याआधीच पाहा. बीएमच घेणार असाल तर शरीररचना पाठ करण्यातच महिने घालवू नका. सर्किट, सिग्नल आणि इंजिनिअरिंग गणित त्यात चांगलंच वजन राखून आहेत.

गेटचा निकाल लागला म्हणजे अर्ज झाला, हा समज तर वर्ष बुडवतो. प्रत्येक आयआयटीचा अर्ज वेगळा भरावा लागतो आणि जागा स्वीकारण्यासाठी ‘कोॲप’ पोर्टलवर वेगळी नोंदणी लागते. एमबीबीएस झालेल्यांनी आयआयटी खरगपूरचा एमएमएसटी (वैद्यकीय विज्ञान आणि तंत्रज्ञानातली मास्टर्स पदवी) हा ३ वर्षांचा अभ्यासक्रम पाहावा. हा मार्ग अनेक डॉक्टरांना माहीतच नसतो.

परदेशी जाणाऱ्यांची चूक बहुधा पैशाची असते. अमेरिकेत पीएचडीला साधारणपणे फी माफ होते आणि विद्यावेतन मिळतं, एमएसचा खर्च मात्र बहुतेकांना स्वतःच करावा लागतो. संशोधनच करायचं पक्कं असेल तर कर्ज काढण्याआधी थेट पीएचडीला अर्ज करून पाहा. जर्मनीसाठी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे तुमची शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागतं. ते हाती यायला वेळ जातो, त्यामुळे विद्यापीठ ठरायची वाट न पाहता आधीच अर्ज करा.

प्राध्यापकांचं उत्तर येत नाही? पाठवलेला मेल एकदा पुन्हा वाचा. तोच मजकूर चाळीस जणांना गेला असेल तर उत्तर येणार नाही. त्यांचा एक शोधनिबंध नीट वाचा, त्यातली एक शंका विचारा आणि स्वतः केलेलं एखादं काम दोन ओळींत सांगा.

आणि यंदा जागा हुकलीच, तर गेटचा स्कोअर ३ वर्षं चालतो. मधल्या काळात एखाद्या संशोधन प्रकल्पावर सहायक म्हणून काम शोधा, किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या बायोमेडिकल विभागात व्हेंटिलेटर उघडून दुरुस्त करायला शिका.