कोकणातल्या दमट हवेत पाहुण्यांच्या चादरी-टॉवेल स्वच्छ कसे ठेवावेत

गुहागरच्या बाजूला समुद्रापासून पाच मिनिटांवर आमचं घर आहे. चार खोल्या पर्यटकांना देतो. दिवाळी, नाताळ आणि मे महिना त्यांचा. गणपतीत मात्र मुंबई-पुण्याचे आपलेच चाकरमानी येतात आणि ओटीपासून माळ्यापर्यंत गाद्या पडतात. सुरुवातीला मला वाटायचं, चादर मळली की जास्त पावडर, जास्त गरम पाणी आणि वर ब्लीच, की झालं काम. दोन मोसमांत सात-आठ पांढऱ्या चादरी घालवल्यावर कळलं, की आपल्याकडे धुण्याचे खरे वैरी तीन: मीठ, लोखंड आणि ओल. घाटावरच्या बहिणीचे सल्ले इथे अर्धेच लागू पडतात.

आधी डाग दारातच अडवा

धुण्याचं निम्मं काम अंगणात होतं. समुद्रावरून आलेल्या माणसाला पाय धुवायला बाहेर नळ, शेजारी काथ्याचं पायपुसणं आणि एक स्टूल ठेवा. समुद्रावर न्यायचे टॉवेल वेगळे, गडद निळे किंवा किरमिजी द्या आणि खोलीत जाताच ते हातात ठेवा. नाहीतर पाहुणे बाथरूममधला पांढराच टॉवेल किनाऱ्यावर नेतात. त्यात त्यांचा दोष नाही, दुसरा दिसतच नाही.

उशीला दोन अभ्रे घाला, आतला चेनचा. खोबरेल तेल लावून झोपणारी माणसं आपल्याकडे भरपूर; तेल बाहेरच्या अभ्र्यातून थेट कापसात गेलं की उशी कायमची पिवळी. गादीवरही धुता येईल असं कव्हर हवं. मेंदी लावून आलेली पाहुणी दिसली, तर न बोलता तिच्या पलंगावर गडद चादर घाला. मेंदीचा रंग निघत नाही, प्रयत्न करण्यातही अर्थ नाही.

किती जोड लागतात? एका पलंगाला तीन: एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. पावसाळ्यात पाच, कारण वाळायलाच दोन दिवस जातात. टॉवेल घेताना हॉटेलसारखे जाडजूड घेऊ नका. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ते आतून वाळत नाहीत आणि कुबट होतात. मी पावसाळ्यात चक्क सुती पंचे देते. सुरुवातीला लाज वाटायची, आता पाहुणेच विचारतात कुठे मिळतात.

साबण लावण्याआधी डाग ओळखा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. पलंगावरून चादर काढली की उजेडात उलगडून बघा. गोळा करून थेट मशीनमध्ये कोंबू नका.

लाल माती. जांभ्याच्या मातीचा रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा, म्हणजे एका अर्थी गंजच. चिखल ओला असताना चोळला तर तो धाग्यात शिरतो. पूर्ण वाळू द्या, ब्रशने झटका, मग थंड पाण्याखाली उलट्या बाजूने धार सोडा आणि पावडरच्या पाण्यात तासभर भिजवा. तरी तांबूस छटा उरलीच, तर परसातल्या बिंबलांचा रस लावा. पितळेची भांडी लख्ख करणारं हेच फळ. त्यातल्या ऑक्झॅलिक आम्लाने गंजाचा डाग विरघळून फिका होतो. पंधरा मिनिटांत धुऊन टाका. आंबट रस कापडावर वाळू दिला तर सूत कमजोर होतं. रंगीत कापडावर आधी कोपऱ्यात लावून बघा.

सनस्क्रीन. हा डाग मला सगळ्यात उशिरा कळला. टॉवेल वापरताना डाग दिसत नाही, धुतल्यावर नारिंगी ठिपके उमटतात. अनेक सनस्क्रीनमध्ये ॲव्होबेन्झोन नावाचं द्रव्य असतं, ते पाण्यातल्या लोखंडाशी मिळून गंजासारखा रंग धरतं, आणि आपल्याकडच्या कित्येक विहिरी-बोअरच्या पाण्यात लोखंड आहेच. मी त्यावर ब्लीच ओतलं आणि ठिपके आणखी गडद झाले. गंज आणि सनस्क्रीन या दोन्हींवर क्लोरीनचं ब्लीच कधीही नको. आधी भांडी घासायच्या लिक्विडने तेलकटपणा काढा, मग कपभर गरम पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व विरघळवून डागावर अर्धा तास ठेवा आणि धुवा.

कोकम आणि सोलकढी. कोकमाचा लाल रंग आंबटात लाल राहतो, पण धुण्याची पावडर अल्कधर्मी, म्हणजे आंबटाच्या उलट गुणाची, असल्याने ती लागताच निळसर-करडा होतो. हा रंगबदल बघून माणूस घाबरून आणखी पावडर चोळतो. तसं करू नका. आधी भरपूर थंड पाणी, मग पांढरा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, पुन्हा पाणी, आणि शेवटी साबण. सोलकढीत नारळाच्या दुधाचं तेलही असतं, म्हणून तिथे शेवटच्या साबणाला कोमट पाणी घ्या.

हळद, म्हणजे आमटी आणि माशाचं कालवण. साबण लागल्यावर पिवळा डाग लालभडक होतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तोच प्रकार. खळबळून काढलं की परत पिवळा दिसतो. आधी लिक्विडने तेल काढा, धुवा आणि ओल्याच कापडावर कडक ऊन पडू द्या. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. दोन-तीन उन्हांत मोठा डागही पुसट होतो. आंब्याच्या रसाच्या पिवळ्या डागालाही हाच उपाय. बोंडूच्या, म्हणजे काजूच्या फळाच्या, रसाचा डाग मात्र लबाड: ओला असताना जेमतेम दिसतो, वाळला की तपकिरी. म्हणून काजूच्या दिवसांत लहान मुलांच्या खोलीतल्या चादरी लगेच पाण्यात टाका.

रक्त, बहुतेक वेळा डासाचं किंवा खरचटलेल्या पायाचं. थंड पाणी आणि मीठ. गरम पाणी लागलं की डाग पक्का. पांढऱ्या कापडावर उरलेल्या छटेला औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं लावा.

खोबरेल. याच्या उलट इथे गरम पाणीच हवं. हे तेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, त्यामुळे डिसेंबरच्या पहाटे थंड पाण्यात अभ्रे धुतले तर तेल तसंच राहतं. लिक्विड चोळून दहा मिनिटं ठेवा, मग कापडाला सोसेल इतक्या गरम पाण्यात धुवा.

धुणं

समुद्रावरच्या टॉवेलांना साबण दाखवण्याआधी गोड्या पाण्याच्या बादलीत दोनदा बुडवून झाडा. वाळू तळाला बसते, मशीनचा पंपही वाचतो. खरं काम आहे मीठ काढण्याचं. मीठ हवेतलं पाणी ओढतं, म्हणून खारा टॉवेल दिवसभर उन्हात घातला तरी संध्याकाळी पुन्हा चिकट लागतो. लोकांना वाटतं नीट वाळला नाही. खरं तर नीट खळबळलेलाच नसतो.

मे महिन्यात किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी मचूळ होतं आणि साबणाला फेस येत नाही. फेसासाठी पावडर वाढवू नका, ती कापडातच अडकून टॉवेल खरखरीत करते. बादलीला चमचाभर धुण्याचा सोडा घाला आणि शेवटचं खळबळणं शक्य तर नळाच्या पाण्यात करा. चादरी आणि टॉवेल एकत्र टाकू नका, टॉवेलची लव चादरीला चिकटते. मशीन तीन-चतुर्थांशच भरा. पांढऱ्या सुती कपड्यांना ६० अंशांचं पाणी चालतं, पण डाग गेल्याची खात्री झाल्यावरच. नव्या सोलापुरी चादरी पहिल्या दोन धुण्यांत वेगळ्या धुवा, रंग सोडतात.

सॉफ्टनर मी टॉवेलांना लावत नाही. त्याचा थर बसला की टॉवेल अंग पुसण्याऐवजी पाणी नुसतं इकडून तिकडे फिरवतो. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरा व्हिनेगर पुरतो. पण ब्लीच वापरलेल्या पाण्यात व्हिनेगर, लिंबूसत्त्व किंवा बिंबलाचा रस चुकूनही नको; त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो आणि आपली न्हाणीघरं आधीच कोंदट.

पांढऱ्या चादरींना नीळ द्यायची तर फडक्यातून गाळून, पूर्ण बादलीत मिसळल्यावरच. थेट थेंब पडला की निळा डाग. खळ फक्त उन्हाळ्यात. पावसाळ्यात खळीवर बुरशी आणि झुरळं दोन्ही पोसली जातात.

वाळवणं

दोरी नायलॉनची घ्या. लोखंडी तार खाऱ्या हवेत वर्षभरात गंजते आणि काथ्याचा दोर ओला झाला की तपकिरी रंग सोडतो. चिमट्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही: आतली स्प्रिंग गंजली की चादरीच्या काठावर ओळीने तांबडे ठिपके. दर मोसमाला चिमटे बदला.

दोरी शक्यतो घराच्या समुद्राकडे नसलेल्या बाजूला बांधा. चार वाजायच्या आत सगळं आत घ्या; ऊन उतरलं की कोरडं कापडही हवेतली ओल पिऊ लागतं. घडी घालण्याआधी किनारीची दुमडलेली शिवण गालाला लावून बघा. गार लागली तर अजून ओली आहे. कुबट वासाची सुरुवात मधून नाही, या शिवणीतून होते.

पावसाळ्यात दोनदा स्पिन करा, कापडांमध्ये वीतभर अंतर ठेवा आणि पडवीपेक्षा एखाद्या बंद खोलीत दोरीखाली उभा पंखा लावा. पडवीत वारा लागतो, पण तो पावसाचाच. राहिलेली ओल इस्त्रीने काढा. चुलीवर वाळवलेल्या चादरीला धुराचा वास येतो. आपल्याला तो घरचा वाटतो, पाहुण्याला नाही.

वास धरलाच, तर गरम पाण्याच्या बादलीत कपभर व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा आणि मग नेहमीसारखं धुवा. बुरशीचे काळे ठिपके आधी बाहेर नेऊन कोरडेच झटका, मग ऑक्सिजन ब्लीचच्या (हे क्लोरीन नसलेलं) गरम पाण्यात काही तास ठेवा. गोधड्या भर पावसात धुवायच्याच नाहीत. आगोटीआधी, मे महिन्यात उरकून घ्या.

ठेवणं

लोखंडी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, फळीवर जुनी सुती चादर अंथरा आणि कप्पे ठासून भरू नका. जुनी धुतलेली वर, नवी धुतलेली खाली, म्हणजे एकच जोड फिरत राहत नाही. गणपतीची अंथरुणं आठ-दहा दिवस आधी, श्रावणाच्या अखेरीस मिळेल त्या चांगल्या उघडिपीला बाहेर काढा. हरतालिकेच्या आदल्या रात्री ट्रंक उघडली तर वास घेऊनच पाहुणे झोपतील.

डांबरगोळ्या मी बंद केल्या. तो वास चादरीतून जात नाही आणि नॅप्थलीन लहान मुलांना, विशेषतः काही जन्मजात रक्तदोष असलेल्यांना, अपायकारक ठरतं. त्याऐवजी वाळ्याच्या काड्या किंवा वाळलेली बकुळीची फुलं पुरचुंडीत बांधून ठेवते. सुरंगीची फुलंही वाळून वास धरून राहतात, पण पुरचुंडी जाड कापडाची हवी, नाहीतर पिवळा रंग लागतो.

इतकं करूनही एखादी चादर हरतेच. गेल्या दिवाळीत सोलकढी सांडलेल्या चादरीला घरच्या कुणीतरी मदत म्हणून आधी पावडर चोळली आणि उन्हात टाकली. ती काही पाहुण्यांच्या कामाची राहिली नाही. यंदा मेमध्ये तिच्यावर मी आमसुलं वाळवली.