गिनीपिग गेल्यानंतर

घरात गिनीपिगांची जोडी असेल आणि त्यातला एक गेला असेल, तर आपले रडणे थोडा वेळ बाजूला ठेवून आधी मागे राहिलेल्या जोडीदाराकडे पाहावे. हा कळपाने राहणारा प्राणी आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून गिनीपिग एकटा पाळण्यास कायद्यानेच मनाई आहे. संसर्गाचा संशय नसेल तर मृत गिनीपिगाला तासभर पिंजऱ्यातच राहू द्यावे. जोडीदार त्याला हुंगतो, नाकाने ढकलून पाहतो आणि कधी कधी शेजारीच बसून गवत खाऊ लागतो, तेव्हा आपल्याला कसेसेच होते. पण त्याला कोरडा समजू नये. पिंजरा त्याच दिवशी धुऊन काढू नये. पुढचा आठवडाभर स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे रोज वजन करावे आणि लेंड्या नेहमीइतक्या पडतात की नाही, हे पाहावे. बारा तास त्याने काही खाल्ले नाही तर थेट डॉक्टरांकडे न्यावे, कारण या प्राण्याच्या पोटात सतत काहीतरी जात राहिले तरच त्याचे आतडे चालते.

मृत्यूचे कारण जाणून घ्यायचे असेल, तर मृतदेह कापडात व पिशवीत गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवावा, मात्र फ्रीजरमध्ये ठेवू नये. गोठलेल्या शरीराची तपासणी नीट होत नाही. पुरायचे असल्यास सुती कापडात गुंडाळून, विहिरीपासून दूर, किमान अडीच-तीन फूट खोल खड्डा करावा, म्हणजे कुत्री माती उकरणार नाहीत. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन त्याला शांत केले असेल, तर ही खोली अधिकच महत्त्वाची, कारण ते औषध शरीरात राहते आणि उकरून खाणाऱ्या प्राण्याला विषबाधा होऊ शकते. सोसायटीच्या बागेत परवानगीशिवाय खणू नये, आणि नदीत तर मुळीच सोडू नये.

यानंतर खरा त्रास सुरू होतो, तो अपराधीपणाचा. आमचा ढब्बू गेला त्याच्या आदल्या रात्री त्याने कोथिंबिरीची काडी तोंडात घेतली होती, पण चावली नव्हती. ती ओठातून तशीच लोंबत होती आणि मला वाटले, लाडात आला आहे. ती काडी पुढे कित्येक दिवस डोळ्यांसमोरून हलली नाही. अशा वेळी एक गोष्ट समजून घ्यावी: गिनीपिग हा दुसऱ्यांचे भक्ष्य होणारा प्राणी आहे, आणि दुखणे दाखवणारा आधी पकडला जातो, म्हणून तो अगदी अखेरपर्यंत आजार लपवतो. अंग फुगवून, पाठीला पोक काढून तो कोपऱ्यात बसलेला दिसतो, तोवर बहुधा बराच उशीर झालेला असतो. मनात तेच ते घोळत असेल तर एका कागदावर दोन रकाने आखावेत. एकात आपण काय पाहिले ते लिहावे आणि दुसऱ्यात त्या वेळी आपल्याला त्याचा काय अर्थ लागला ते. आज कळलेले कालच्या रकान्यात घालू नये. हा कागद घेऊन एकदाच डॉक्टरांशी बोलावे. चूक खरोखरच झाली असेल, म्हणजे मे महिन्यात पिंजरा तापलेल्या बाल्कनीत राहिला असेल किंवा आहारात क जीवनसत्त्व नसेल (ते याच्या शरीरात तयार होत नाही), तर ती मान्य करून जोडीदारासाठी त्याच दिवशी सुधारावी.

लोक विचारतील, "उंदरासारखाच ना? दुसरा आण की." आपल्या भाषेतही माणूस वारतो, निवर्ततो, देवाघरी जातो, जनावर नुसते मरते. समाज ज्या दुःखाला दुःख मानत नाही, त्याबद्दल केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ मध्ये सविस्तर लिहिले आहे. माझ्या मते अशा लोकांना पटवत बसू नये. ज्याने त्याला मांडीवर घेतले होते अशा एखाद्याच माणसाशी बोलावे. दोन-तीन आठवडे उलटूनही झोप आणि जेवण ताळ्यावर येत नसेल, तर समुपदेशकाला भेटावे किंवा सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा.

मुलांना "तो गावाला गेला" किंवा "झोपला" असे सांगू नये. पहिल्याने मूल वाट पाहत राहते आणि दुसऱ्याने झोपायला घाबरते. तो मेला, त्याचे शरीर थांबले, तो आता परत येणार नाही, एवढे सरळ सांगावे. तशाच रंगाचा दुसरा आणून गुपचूप ठेवण्याचा बेत तर मनातही आणू नये.

जोडीदारासाठी नवा सोबती आणताना त्याला दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे आणि मग दोघांनाही अनोळखी अशा जागी भेटवावे. घरात एकही गिनीपिग उरला नसेल, तर मात्र घाई नको.

सवयी सर्वांत उशिरा जातात. फ्रीज उघडला की पिंजऱ्यातून येणारी ती तार शिट्टी कानांना हवीच असते, आणि कोथिंबीर निवडताना हात काड्या आपोआप बाजूला काढतो. मी त्या महिनाभर तशाच वाटीत काढून ठेवत असे; आता त्या आमटीत घालते.